परस, वाव आणि एक टीएमसी

मराठवाड्यात विहिरीची खोली परसात सांगतात, तर कोकणातला मच्छीमार समुद्राची खोली वावात सांगतो. दोन्ही मापे माणसाच्या अंगावरूनच आली: परस उंचीवरून, वाव पसरलेल्या दोन हातांवरून. समुद्रतळाचे नकाशे करणाऱ्या जलालेखनशास्त्राने दोरीच्या जागी ध्वनी आणला आणि त्यासोबत चुकांचे नवे प्रकारही आणले. त्या चुका ओळखून दुरुस्त करणे हेच या व्यवसायातले खरे काम आहे, असे मला वाटते.

बोटीच्या बुडाला बसवलेला इको साउंडर ध्वनीची लहर खाली सोडतो आणि ती तळावर आपटून परत येण्यास लागलेला वेळ नोंदवतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. म्हणजे प्रतिध्वनी ०.०४ सेकंदात आला, तर खोली ३० मीटर. मात्र गोड्या पाण्याचे तापमान २० अंशांवरून २५ अंशांवर गेले, की हा वेग सुमारे एक टक्क्याने वाढतो. समुद्रात क्षारता, दाब, भरती-ओहोटी आणि बोटीचे हेलकावे यांचाही हिशेब ठेवावा लागतो.

एक टक्का म्हणजे किती, हे पैठणच्या नाथसागरावरून, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावरून कळते. या धरणाची मूळ साठवण क्षमता २,९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे सुमारे १०२ टीएमसी (अब्ज घनफूट). खोली सर्वत्र एक टक्क्याने चुकली, तर कागदावर एक टीएमसी पाणी वाढते किंवा नाहीसे होते. आणि वरच्या धरणांतून किती पाणी सुटावे याचा वाद जिथे न्यायालयापर्यंत जातो, तिथे ही चूक किरकोळ म्हणता येत नाही. शिवाय तळ म्हणायचे कशाला, हाही प्रश्नच असतो. उच्च वारंवारतेचा ध्वनी मऊ गाळाच्या वरच्या थरावरूनच परततो, तर कमी वारंवारतेचा गाळात शिरून खालच्या कठीण थराचा ठाव घेतो. या दोन नोंदींमधल्या अंतरावरून वरच्या मऊ गाळाची जाडी कळते.

या क्षेत्राकडे स्थापत्य अभियांत्रिकी, भूगोल, भौतिकशास्त्र किंवा गणित या वाटांनी जाता येते. भारताचे अधिकृत सागरी नकाशे डेहराडूनच्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयातून निघतात आणि त्यासाठीचे प्रशिक्षण गोव्यात मिळते. नौदलाचे ‘संधायक’ हे सर्वेक्षण जहाज फेब्रुवारी २०२४ मध्ये विशाखापट्टणम येथे सेवेत दाखल झाले. नौदलाबाहेर बंदरे, गाळ उपसणाऱ्या कंपन्या आणि समुद्राखालून तेलवाहिन्या टाकणारे उद्योग यांनाही असे सर्वेक्षक लागतात. समुद्र कधी न पाहिलेल्या विद्यार्थ्याला यात अडचण नाही. बोटीवरून उतरल्यावर संगणकापुढे बसून माशांच्या थव्याचा प्रतिध्वनी तळाच्या प्रतिध्वनीपासून वेगळा काढण्याची चिकाटी मात्र हवी.