पटाशीवरची शाई

15 एप्रिल 2019 च्या आगीत पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलचं लाकडी छप्पर जळून गेलं. ते पुन्हा उभारताना फ्रेंच सुतारांनी मध्ययुगीन पद्धतच पकडली. ओकची ताजी पाडलेली झाडं आणली आणि तुळया कुऱ्हाडीने तासल्या. त्यासाठी अल्सास भागातल्या लोहारांकडून रुंद पात्याच्या कुऱ्हाडी खास घडवून घेतल्या होत्या. ओला ओक ज्याने तासला आहे, त्याला पुढची गोष्ट माहीत असते. थोड्याच वेळात पातं निळसर-काळं पडू लागतं, बोटं काळवंडतात आणि फिकट लाकडावर जिथे लोखंड टेकलं तिथे डाग उठतो.

तो मळ नसतो. ती शाई असते, आणि तीही युरोपने हजारभर वर्षं वापरलेली. तिचा कच्चा माल आपल्याकडे आजही काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो: माजुफळ. हे फळ नव्हेच. एक बारीक गांधीलमाशी ओकच्या कोवळ्या फांदीत अंडं घालते, तिथे झाड गाठ धरतं, ती गाठ म्हणजे माजुफळ. त्याच्या काढ्यात हिराकस (लोहाचा क्षार) आणि डिंक घातला की शाई तयार. ही शाई लिहिताना फिकी दिसते आणि कागदावर हवा लागेल तशी काळी होत जाते. कुऱ्हाडीच्या किंवा पटाशीच्या पात्यावर नेमकं हेच घडतं.

माजुफळात जे टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य असतं, त्याच जातकुळीचं टॅनिन ओकच्या गाभ्याच्या लाकडातही भरपूर असतं. सुक्या वजनाच्या 10 टक्क्यांपर्यंतही ते जाऊ शकतं. शिवाय या लाकडात ॲसेटिक आम्ल असतं, म्हणजे व्हिनेगरमधलंच. त्यामुळे ओल्या ओकचा सामू (pH) 3 ते 4 च्या घरात, म्हणजे आंबट बाजूला राहतो. हे आम्ल पोलादातलं लोखंड विरघळवतं. सुटलेले लोहाचे आयन टॅनिन धरून ठेवतं, तेव्हा फारसा रंग दिसत नाही. हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्या लोहाचं ऑक्सिडीकरण झालं की संयुग निळं-काळं होतं. म्हणजे जितका काळा रंग दिसतो, तितकं लोखंड पात्यातून निघालेलं आहे.

पडताळून पाहायला ओकची गरज नाही. हिरड्यात अशाच प्रकारचं टॅनिन असतं. दोन वाट्यांत पाणी घेऊन हिरड्याची पूड कालवावी, एकीत पॉलिश पेपरने घासलेला लोखंडी खिळा टाकावा, दुसरीत स्टेनलेसचा चमचा. पहिली वाटी काळी होत जाते, दुसरीतलं पाणी तसंच राहतं. स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं आणि त्याचा ऑक्साइडचा पातळ थर खालचं लोखंड झाकून ठेवतो. पटाशी आणि रंध्याचं पातं मात्र बहुधा साध्या कार्बन पोलादाचं असतं.

एवढंसं लोखंड गेलं तर बिघडलं कुठे? पात्याच्या सपाट अंगावर काहीच बिघडत नाही. बिघडतं ते धारेवर. चांगल्या लावलेल्या धारेचं टोक एखाद्या मायक्रॉनइतकं (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकं) बारीक असतं, आणि आम्ल तिथे दोन्ही बाजूंनी पोचतं. सपाटीवर नजरेला न दिसणारी झीज टोकाला बोथट करून सोडते. रंध्याच्या तोंडात ओला भुसा अडकून रात्रभर राहिला, तर सकाळी धारेला बारीक खड्डे पडलेले असू शकतात.

सारा दोष रसायनाच्या माथी मारणंही बरोबर नाही. फर्निचरसाठी 8 ते 12 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवलेला ओक पोलादाला फारसा खात नाही, कारण या क्रियेला पाणी लागतंच. तिथे धार जाते ती लाकडाच्या टणकपणाने. आपल्याकडच्या सागाची गोष्ट आणखी निराळी. त्याच्या पेशींत सिलिका असते, ती धार घासून नेते, म्हणून साग रंधताना सुताराला पातं वारंवार दगडावर न्यावं लागतं. साग धारेला घासतो, ओला ओक तिला खातो. यंत्रावरच्या टंगस्टन कार्बाइडच्या दात्यांचीही यातून सुटका नाही. कार्बाइडचे कण बांधून ठेवणारा कोबाल्ट अशा आम्लधर्मी लाकडात विरघळतो आणि कण निखळू लागतात.

गंजावर लावायच्या काही द्रावणांत मात्र हेच टॅनिन मुद्दाम घालतात. ते गंजाशी जुळून काळा, टिकाऊ थर करतं. त्यावरून पात्यावरचा काळेपणा राहू द्यावा असं कुणाला वाटेल, पण ओला भुसा चिकटलेला असेपर्यंत आम्लाचं काम सुरूच असतं. माझ्या मते महागड्या पोलादापेक्षा फडकं जास्त कामाचं: काम थांबलं की पातं पुसावं, कोरडं करावं, तेलाचा हात फिरवावा.

लाकडावर उठलेले डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या द्रावणाने जातात, कारण ते टॅनिनकडून लोह काढून घेतं. ते विषारी आहे, तेव्हा हातमोजे घालावेत आणि नंतर लाकूड पाण्याने नीट पुसून घ्यावं. ओक घासायला स्टील वूल मात्र वापरू नये. त्याचे तुटलेले तंतू लाकडाच्या छिद्रांत बसतात आणि पाण्यात मिसळणारं पॉलिश लागताच प्रत्येक तंतूभोवती काळा ठिपका उमटतो. नायलॉनची घासणी घेतली की हा प्रश्नच येत नाही.