घटस्फोट, पुनर्विवाह आणि अमेरिकेतील तुमचा डिपेंडंट व्हिसा

हे माहितीपत्रक अमेरिकेत जोडीदाराच्या आधाराने राहणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी आहे. कोणी एच-४वर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराला आणि मुलांना मिळणारा व्हिसा) आहे, कोणी जोडीदाराबरोबर ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे, कोणाला लग्नामुळे ग्रीन कार्ड मिळाले आहे. घटस्फोटाचा परिणाम तिघांवर सारखा होत नाही. "मला परत जावे लागेल का?" असे विचारल्यावर आम्ही आधी दोन तारखा मागतो: डिक्रीची (म्हणजे घटस्फोटाच्या अंतिम आदेशाची) आणि इमिग्रेशन अर्जाची. यांतली कोणती आधी पडते, त्यावर बहुतेक गोष्टी ठरतात. म्हणून संमतीपत्रावर सही करण्याआधी हे वाचा, नंतर नव्हे.

एच-४वर असाल तर

वेगळे राहायला लागल्याने एच-४ जात नाही. वकिलाची नोटीस आली किंवा कोर्टात अर्ज दाखल झाला तरी जात नाही. घटस्फोट अंतिम झाला की मात्र त्याच दिवशी हा दर्जा संपतो. आय-९४वर (अमेरिकेत राहण्याची मुदत दाखवणाऱ्या नोंदीवर) पुढच्या वर्षाची तारीख असली, तरी तिचा आधार घेता येत नाही. एच-१बीवाल्याची नोकरी गेल्यावर मिळणारी ६० दिवसांपर्यंतची सवलत घटस्फोटाला लागू नाही. एच-४वर मिळालेल्या वर्क परमिटचेही तेच. कार्डाची मुदत शिल्लक दिसते म्हणून डिक्रीनंतर कामावर जाणे म्हणजे विनापरवाना काम, आणि ते पुढच्या प्रत्येक अर्जात आडवे येते.

त्यामुळे दर्जा बदलण्याचा अर्ज डिक्रीच्या आधी दाखल झालेला हवा. विद्यार्थी म्हणून एफ-१ किंवा आवराआवरीपुरते पाहुण्याचे बी-२ हवे असेल, तर आय-५३९ हा फॉर्म भरावा लागतो. तो प्रलंबित असताना देशाबाहेर गेलात, तर तुम्ही अर्ज सोडून दिला असे मानले जाते. आईवडिलांना भेटायला पंधरा दिवस जाऊन येऊ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. तुम्ही स्वतः पूर्वी एच-१बीवर असाल आणि त्याच्या कमाल सहा वर्षांपैकी काही काळ उरला असेल, तर सहसा पुन्हा एच-१बीच्या लॉटरीत न जाता नवा मालक तुमच्यासाठी अर्ज करू शकतो. हा मुद्दा बरेच जण विसरतात. जुने आय-७९७ (इमिग्रेशन खात्याकडून अर्जावर आलेली सूचनापत्रे) जपून ठेवा.

घटस्फोट परस्पर संमतीचा असेल, तर अंतिम आदेशाची वेळ काही अंशी दोघांच्या हातात असते. कौटुंबिक खटल्याचा वकील आणि इमिग्रेशनचा वकील यांचे एकमेकांशी बोलणे व्हायला हवे, ते नेमके इथे.

मुलांचे एच-४ घटस्फोटाने जात नाही. ते एच-१बीवर असलेल्या पालकाचे मूल म्हणून असते आणि २१ वर्षांपर्यंत, त्या पालकाचा दर्जा आहे तोवर, चालू राहते.

ग्रीन कार्डाच्या रांगेत

नोकरीच्या आधारावरील अर्जात प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, मुख्य अर्जदाराची असते. जोडीदार तिच्यावर फक्त स्वार असतो. त्याचे आय-४८५ (ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज) मंजूर होण्याआधी घटस्फोट झाला, तर ते नामंजूर होते. दहा वर्षे रांगेत काढली असली तरी त्यातले काहीही त्याच्या नावावर उरत नाही. भारतीयांची रांग किती लांब आहे ते वेगळे सांगायला नको, म्हणून हा फटका आपल्याकडे सर्वांत मोठा.

मुख्य अर्जदाराने दुसरे लग्न केले, तर त्याचे ग्रीन कार्ड कधी मंजूर झाले ते पाहावे लागते. लग्न मंजुरीच्या आधी झाले असेल, तर नव्या जोडीदाराला त्याच प्रायॉरिटी डेटवर मागाहून येता येते. मंजुरीनंतर एका दिवसाने जरी झाले, तरी आय-१३० हा जोडीदारासाठीचा नवा अर्ज भरून एफ-२ए या कौटुंबिक रांगेत उभे राहावे लागते. आणखी एक खोच: नवा जोडीदार एच-४वर असेल आणि त्याचे स्वतःचे आय-४८५ दाखल नसेल, तर मुख्य अर्जदाराला ग्रीन कार्ड मिळताच ते एच-४ संपते. आनंदाच्या बातमीबरोबर ही अडचण येते, तेव्हा मंजुरी जवळ आली की आधी विचारून घ्या.

दोन वर्षांचे ग्रीन कार्ड

अमेरिकन नागरिकाशी लग्न झाले आणि कार्ड मिळाले त्या दिवशी लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील, तर कार्ड सशर्त असते. अट काढण्यासाठी आय-७५१ हा फॉर्म मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांच्या सह्यांनी भरायचा. घटस्फोट झाला असेल, तर एकट्याने सवलतीचा म्हणजे वेव्हरचा अर्ज करता येतो. त्याला ९० दिवसांचे बंधन नाही. आधीही करता येतो, नंतरही.

पेच पडतो तो अधल्यामधल्यांचा. नवरा सही करत नाही आणि घटस्फोटही अजून झालेला नाही. घटस्फोटाच्या कारणावरचा वेव्हर डिक्रीशिवाय मंजूर होत नाही. अर्ज भरला की डिक्री मागणारे पत्र येते. त्याला उत्तर द्यायला जास्तीत जास्त १२ आठवडे मिळतात आणि मुदतवाढ मिळत नाही. आता कॅलिफोर्नियात समोरच्याला कागद बजावल्यापासून किमान सहा महिने घटस्फोट अंतिम होत नाही. भारतात संमतीच्या घटस्फोटालाही कलम १३ब प्रमाणे एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते, आणि पुढे सहा महिने थांबावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या निकालामुळे हे सहा महिने कोर्ट माफ करू शकते, पण गृहीत धरू नका. कार्ड संपायला आठ-दहा महिने उरले असताना संसार मोडत असेल, तर घटस्फोटाचा अर्ज लांबणीवर टाकू नका.

लग्न खरे होते हे कागदांनी दाखवावे लागते. एकत्र भरलेले टॅक्स रिटर्न, दोघांच्या नावचा भाडेकरार, विम्यावर वारस म्हणून नाव आणि संयुक्त खात्याचे उतारे लागतात. त्या खात्यातून किराणा आणि विजेचे बिल जात असेल तरच त्याला वजन आहे. शंभर डॉलर टाकून पडून राहिलेले खाते उलट संशय वाढवते. लग्नाच्या अल्बमचा उपयोग समजतो त्यापेक्षा कमी.

आणि कोर्टातल्या भाषेवर लक्ष ठेवा. "फक्त ग्रीन कार्डासाठी लग्न केले" हे वाक्य आपल्याकडच्या अर्जांत सर्रास घातले जाते. संमतीच्या अटींत असे काही मान्य करून सही केली, तर ते इमिग्रेशनच्या फाइलमध्ये जाऊन बसते. लग्न बनावट ठरले, तर पुढे कोणाशीही खरे लग्न केले तरी त्या आधारावरचा अर्ज मंजूर होत नाही.

दहा वर्षांचे कार्ड

घटस्फोटाने ते जात नाही. फक्त नागरिकाच्या जोडीदाराला तीन वर्षांनी नागरिकत्व मागण्याची जी सोय असते ती जाते, नागरिकत्वाच्या शपथेच्या आधी घटस्फोट झाला तरीही, आणि पाच वर्षांचा नियम लागतो.

लग्नामुळे कार्ड मिळालेल्या व्यक्तीने पुढच्या पाच वर्षांत पुनर्विवाह करून नव्या जोडीदारासाठी अर्ज केला, तर पहिले लग्न खरे होते हे भक्कम पुराव्याने पुन्हा सिद्ध करावे लागते. पहिला जोडीदार वारला असेल किंवा अर्जदार नागरिक झाला असेल, तर ही अट नाही.

छळामुळे घर सोडले असेल तर

छळ करणारा जोडीदार नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल, तर ग्रीन कार्डासाठी आय-३६० हा स्वतंत्र अर्ज करता येतो. छळाशी संबंध असलेल्या घटस्फोटानंतरही दोन वर्षांपर्यंत तो करता येतो, पुरुषांनाही. मात्र मंजुरीच्या आधी पुनर्विवाह केला, तर हा अर्ज बाद होतो. साखरपुडा करा, लग्नाची तारीख पुढे ठेवा. जोडीदार एच-१बीवर असेल, तर हा मार्ग नाही. आय-७६५व्ही या फॉर्मवर कामाचा परवाना मागता येतो, पण त्याने राहण्याचा दर्जा मिळत नाही.

पुनर्विवाह: आधीचा घटस्फोट खरोखर झाला आहे का?

सगळ्यात जास्त अर्ज इथे अडकतात. नोटरीकडे स्टॅम्प पेपरवर केलेली फारकत किंवा पंचांसमोर झालेली काडीमोड व्हिसा अधिकाऱ्याला सहसा पुरत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२)ने रूढीतला घटस्फोट वाचवला आहे, पण तशी रूढी तुमच्या समाजात आहे हे सिद्ध करावे लागते. कोर्टाचा आदेश मिळवून ठेवलेला बरा, आणि तो दुसऱ्या लग्नाच्या आधीचा हवा.

पहिल्या लग्नाची नोंदणी केली नव्हती म्हणून ते फॉर्ममध्ये लिहीत नाहीत, असेही पुष्कळ दिसते. सप्तपदी झाली असेल, तर नोंदणीशिवायही लग्न वैध असते. लपवल्याचे उघड झाले, तर अडचण पहिल्या लग्नाची राहत नाही, खोट्या माहितीची होते.

लढवलेल्या किंवा एकतर्फी डिक्रीनंतर अपिलासाठी ९० दिवस असतात. ते सरण्याआधी केलेल्या लग्नावर प्रश्न उभा राहतो. उलट बाजूने, अमेरिकेत एकतर्फी मिळवलेला घटस्फोट भारतात टिकेलच असे नाही; १९९१च्या नरसिंह राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी डिक्रीसाठी कडक कसोट्या घातल्या आहेत. तिथली डिक्री घेऊन इथे लग्न केले, तर द्विभार्येचा गुन्हा, म्हणजे भारतीय न्याय संहितेचे कलम ८२, मागे लागू शकतो.

पहिल्या भेटीला येताना

डिक्रीची कोर्टाच्या सही-शिक्क्याची नक्कल आणा, झेरॉक्स नको. ती मराठीत असेल, तर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर अचूक असल्याचे भाषांतरकाराचे सहीनिशी पत्र लागेल. सगळे जुने-नवे पासपोर्ट, ताजे आय-९४, प्रत्येक आय-७९७, आणि दोन्ही लग्नांचे दाखले सोबत ठेवा. अमेरिकेतले घर बदलले असेल, तर १० दिवसांत एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म भरायचा असतो. भरला नसेल, तर भेटीची वाट न पाहता आजच भरा, कारण सूचनेचे पत्र जुन्या पत्त्यावर गेले तरी त्यातली मुदत सुरू होते.