चंद्रग्रहण

पृथ्वीची सावली पडून चंद्राचे बिंब अंशतः किंवा पूर्ण काळवंडते, त्याला चंद्रग्रहण म्हणतात. सूर्य आणि चंद्र यांच्या बरोबर मधे पृथ्वी आली तरच हे घडते, म्हणून ग्रहण पौर्णिमेलाच लागते. चंद्राच्या कलांचा याच्याशी काही संबंध नाही, हे आधीच सांगितलेले बरे. हा घोळ मोठ्यांच्याही डोक्यात असतो. चंद्राचा उजेडातला अर्धा भाग आपल्याला रोज कमीजास्त दिसतो, त्या कला. त्यात पृथ्वीची सावली कुठेच येत नाही.

मग दर पौर्णिमेला ग्रहण का लागत नाही? कारण चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. ५ अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण आकाशात ते अंतर पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या दहापट भरते. चंद्राच्या अंतरावर पृथ्वीची गडद सावली मात्र जेमतेम अडीच-पावणेतीन चंद्र मावतील एवढीच रुंद असते. साहजिकच बहुतेक पौर्णिमांना चंद्र तिच्या वरून किंवा खालून निघून जातो. त्याचा मार्ग सूर्याच्या भासमान मार्गाला जिथे छेदतो, ते दोन पातबिंदू, म्हणजेच राहू आणि केतू. पौर्णिमेचा चंद्र यांपैकी एकाच्या आसपास असावा लागतो.

सावलीचा गडद गाभा म्हणजे प्रच्छाया आणि भोवतीचा फिकट भाग म्हणजे उपच्छाया. चंद्र पूर्णपणे प्रच्छायेत शिरला तर खग्रास, थोडाच शिरला तर खंडग्रास आणि नुसत्या उपच्छायेतून गेला तर छायाकल्प ग्रहण. शेवटचे इतके पुसट असते की मुद्दाम सांगितल्याशिवाय कोणाच्या लक्षातही येत नाही. कंकणाकृती (भोवती उजळ कडे उरणारे) चंद्रग्रहण होतच नाही, कारण सावली चंद्रापेक्षा बरीच मोठी आहे.

खग्रास ग्रहणात स्पर्श (चंद्र प्रच्छायेला टेकतो), संमीलन (पूर्ण आत शिरतो), मध्य, उन्मीलन (बाहेर पडू लागतो) आणि मोक्ष (पूर्ण बाहेर येतो) असे टप्पे मानतात. चंद्र सावलीतून पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतो, म्हणून पूर्वेची कड आधी झाकोळते. तासाभरात तो साधारण स्वतःच्या रुंदीएवढा पुढे जातो. खग्रास स्थिती फार तर पावणेदोन तासांच्या आसपास टिकते. २७ जुलै २०१८ च्या ग्रहणात ती १०३ मिनिटे होती. बिंबावर सरकणारी सावलीची कड दर वेळी वर्तुळाकारच दिसते, आणि पृथ्वी गोल असल्याचा हा पुरावा ॲरिस्टॉटलने दिला होता. ग्रहण पृथ्वीच्या छायेमुळे लागते, हे आर्यभटानेही स्पष्ट सांगितले आहे.

खग्रास चंद्र काळा न होता तांबूस होतो. पृथ्वीच्या वातावरणातून जाणारे सूर्यकिरण वाकून सावलीत शिरतात. वाटेत निळा प्रकाश विखुरला जातो आणि तांबडा उरतो. त्यामुळे ग्रहणाचा रंग म्हणजे त्या वेळच्या आपल्या हवेचा एक प्रकारे अहवालच. १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक होऊन वरची हवा गढूळ झाली आणि डिसेंबर १९९२ च्या ग्रहणात चंद्र विलक्षण काळपट दिसला. ही छटा ० ते ४ अशा डांजाँ श्रेणीत (फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ डांजाँ यांच्या नावाच्या मोजपट्टीत) नोंदवतात. ० म्हणजे जवळजवळ अदृश्य, ४ म्हणजे लख्ख तांबूस-नारिंगी.

जिथे जिथे चंद्र क्षितिजाच्या वर असेल, तिथे सगळीकडे ग्रहण एकाच वेळी दिसते. ते नुसत्या डोळ्यांनी पाहायला काहीच धोका नाही. दुर्बीण असेल तर संमीलनाच्या जरा आधी सावलीच्या कडेवर नजर ठेवावी: ओझोनचा थर तांबडा प्रकाश शोषत असल्याने तिथे कधीकधी निळसर पट्टा दिसतो.