ऑफिसातली झाडं पाण्यानं मरतात

पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचन, सोरतापवाडी भागात शेडनेटखाली वाढलेली टवटवीत झाडं टेम्पोतून शहरातल्या ऑफिसांत येतात. महिनाभर रिसेप्शन खुलून दिसतं. मग खालची पानं पिवळी पडायला लागतात आणि कुणीतरी म्हणतं, "पाणी कमी पडतंय वाटतं." बहुतेक वेळा नेमकं उलट झालेलं असतं.

याचं मूळ उजेडात आहे. भर दुपारी उघड्यावर सुमारे १ लाख लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. ऑफिसच्या टेबलावर ३०० ते ५००. आपल्याला एवढा फरक जाणवत नाही, कारण डोळ्यातली बाहुली मोठी होते, दृष्टीही जुळवून घेते. झाडाला मात्र जेवढा उजेड मिळेल तेवढीच साखर बनवता येते. श्वसनात त्याहून जास्त खर्च व्हायला लागली की ते साठ्यावर जगतं. साठा संपेपर्यंत हिरवंगारच दिसतं, म्हणून कुणाला शंका येत नाही.

उजेड कमी असला की पानांवरची रंध्रंही कमी उघडतात आणि झाड पाणी कमी ओढतं. पण हाउसकीपिंगच्या मावशींना रोज सकाळी मगभर पाणी घालायला सांगितलेलं असतं. त्या सांगितलेलं काम चोख करतात. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्यानं भरून जातात. मुळांनाही प्राणवायू लागतो, आणि हवेच्या तुलनेत पाण्यातून तो सुमारे १० हजार पट सावकाश पसरतो. मुळं गुदमरतात, कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, त्यामुळे पानं माना टाकतात, अगदी तहानलेल्या झाडासारखी. मग आणखी एक मग! शोभेच्या कुंडीला बहुधा भोक नसतं. तिच्या आत ठेवलेली झाडाची कुंडी उचलून पाहा: तळाशी काळपट, कुबट वासाचं पाणी साचलेलं सापडेल.

खिडकीपासून दूरच्या कोपऱ्यात झेडझेड प्लांट लावावा. पूर्व आफ्रिकेतल्या या झाडाच्या जमिनीखालच्या गड्ड्यांत पाणी साठलेलं असतं. स्नेक प्लांट रंध्रं मुख्यतः रात्री उघडतो, त्यामुळे त्याचंही पाणी वाचतं. मात्र 'कमी उजेडात चालतं' म्हणजे तग धरतं, वाढतं असं नाही. म्हणून चांगले मेंटेनन्सवाले ठरावीक दिवसांनी कुंड्या नर्सरीत परत नेतात आणि ताज्या ठेवतात. मला हीच पद्धत सगळ्यांत शहाणपणाची वाटते.

झाडं ऑफिसची हवा शुद्ध करतात, हा दावा मात्र सोडून द्यावा. ज्यांच्या आधारे तो केला जातो ते नासाचे १९८९ मधले प्रयोग झाले बंदिस्त पेट्यांमध्ये. २०१९ मध्ये कमिंग्ज आणि वॉरिंग या संशोधकांनी अशा प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा दिसलं की इमारतीत एरवी होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील. झाडं हवीत ती डोळ्यांना आणि मनाला बरं वाटतं म्हणून. तेवढं कारण मला पुरेसं वाटतं.

कंत्राटात 'रोज पाणी' काढून 'रोज तपासणी' लिहावं. दोन पेरं बोट मातीत घालायचं. ओल लागली तर पाणी नाही. झेडझेड आणि स्नेक प्लांटची माती तर पूर्ण सुकू द्यायची. वाचलेल्या वेळात ओल्या फडक्यानं पानांवरची धूळ पुसायची, कारण आधीच तोकडा असलेला उजेड धूळ आणखी अडवते.