जुन्या मोटारसायकलचं चेन-स्पॉकेट निवडणं

चेन-स्पॉकेट म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत नेणारी तीन वस्तूंची जोडणी: गिअरबॉक्सच्या शाफ्टवरचं पुढचं लहान स्पॉकेट, मागच्या हबवरचं (चाकाच्या मधल्या भागावरचं) मोठं स्पॉकेट आणि दोघांवरून फिरणारी रोलर चेन. तिन्ही मिळून दुकानात चेनसेट किंवा चेनकिट म्हणतात. असली रोलर चेन हान्स रेनॉल्ड यांनी मँचेस्टरला १८८० मध्ये पेटंट केली आणि मूळ रचना आजही तीच आहे, पिन, बुश, रोलर आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या.

खान्देशात हा विषय जास्त महत्त्वाचा आहे कारण इथे जुन्या गाड्या नुसत्या शौकाला नाही तर कामाला पळतात. १९९६ ला बंद झालेली आरएक्स १०० आणि येझदी, राजदूत, जुनी बुलेट, आणि १९९४ पासूनची स्प्लेंडर तर प्रत्येक गल्लीत. रावेर-यावलकडे केळीच्या बागेतून, चोपड्याकडे कापसाच्या शेतातून, मागे युरियाच्या ४५ किलोच्या दोन गोण्या टाकून हीच गाडी येते जाते. पावसाळ्यात काळी माती चेनवर बसते, तेलात कालवली जाते आणि पॉलिश पेपरसारखी पिना घासत राहते. म्हणून स्प्लेंडरसारख्या गाड्यांना जे पूर्ण बंद चेन कव्हर येतं ते "खडखड वाजतं" म्हणून काढून फेकणं ही आपल्याकडची सगळ्यात महागडी चूक आहे असं मला मनापासून वाटतं. वाजत असेल तर बोल्ट घट्ट करा, कव्हर ठेवा.

आता मुख्य गोष्ट. जुन्या गाडीचा सेट गाडीचं नाव सांगून घेऊ नये, गाडीवर काय बसलंय ते मोजून घ्यावा. वीस-पंचवीस वर्षांत गाडी तीन-चार हातांतून गेलेली असते, कोणी हब बदललेला असतो, कोणी दुसऱ्या मॉडेलचं चाक टाकलेलं असतं. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी गाडीचं नाव सांगून सेट आणला, पुढचं स्पॉकेट शाफ्टवर बरोबर बसलं, चेन पण बरोबर, पण मागच्या स्पॉकेटची बोल्टची भोकं दोन-अडीच मिलीमीटरने हुकली. चाक खोलून पाहिलं तर हबच वेगळ्या गाडीचा होता, काकांनी गाडी घ्यायच्या आधीच कोणीतरी बसवलेला. सेट परत घ्यायला दुकानदार तयार नाही कारण त्याला ग्रीस लागलेलं. तेव्हापासून काका जुनं स्पॉकेट पिशवीत घालूनच दुकानात जातात आणि काउंटरवर नवीन त्याच्यावर ठेवून भोकाला भोक लावून बघतात. तेच करावं. मधलं भोक, बोल्टची भोकं, जाडी आणि स्पॉकेट सपाट आहे का बशीसारखं थोडं खोल आहे, हे चारही जुळलं पाहिजे. दात मोजताना एका दातावर खडूने खूण करून सुरुवात करायची, नाहीतर चाळिशीत गेल्यावर हमखास एक दात चुकतो.

चेनचा नंबर कडीच्या पट्टीवरच ठोकलेला असतो, चिंधीने रॉकेल लावून पुसलं की दिसतो. आपल्या बहुतेक १०० ते १५० सीसी गाड्यांना ४२८ लागते. यातला पहिला ४ म्हणजे दोन पिनांमधलं अंतर चार-अष्टमांश इंच, म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलीमीटर. मागचे दोन आकडे आतली रुंदी सांगतात, ४२८ ची ती ५/१६ इंच असते. ४२० चं अंतर तेवढंच पण रुंदी पाव इंच, म्हणून ती ४२८ च्या जाड दातावर बसतच नाही, आणि उलट ४२० च्या स्पॉकेटवर ४२८ पण नीट बसत नाही. ५२० आणि ५३० चं अंतर ५/८ इंच, त्या वजनदार गाड्यांच्या. नंबरपुढे एच असेल तर पट्ट्या जाड असतात, ओझं वाहणाऱ्या गाडीला ४२८ एच घेतलेली चांगली, थोडे पैसे जास्त जातात पण वसूल होतात.

चेन खरंच संपली का हेही मोजूनच ठरतं. लोक म्हणतात चेन लांबली, पण लोखंड ताणलं जात नाही, प्रत्येक सांध्यातली पिन आणि बुश थोडी थोडी झिजते आणि शंभराच्या वर सांधे असल्यामुळे ते सगळं मिळून लांबी दिसते. चेन ताणून धरायची, एका पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत पट्टी लावायची. नवीन ४२८ मध्ये हे २५४ मिलीमीटर भरतं, २५९ च्या आसपास गेलं की चेन गेली. तीन-चार ठिकाणी मोजा कारण झीज सगळीकडे सारखी नसते. घाईत असाल तर मागच्या स्पॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटाने मागे ओढा, अर्धा दात उघडा पडला तरी समजून घ्या.

झिजलेली चेन दातावर वर चढून बसते आणि दात एका बाजूने खाते, मग ते समुद्राच्या लाटेसारखे वाकडे दिसायला लागतात. अशा दातांवर नवीन चेन टाकली तर ती नवीन चेनही लवकर खाल्ली जाते. म्हणूनच आमच्याकडचे जुने मिस्तरी अहिराणीत सरळ सांगतात, "एकटी चेन नको टाकू भाऊ, महिनाभरमा परत येशी." तिन्ही एकदम बदलायचं, यात काटकसर नाही.

दातांचा हिशोब सोपा आहे. समजा पुढे १४ आणि मागे ४२, म्हणजे पुढचं तीन वेळा फिरलं की चाक एकदा. पुढे १५ केलं तर २.८ होतं, हायवेवर इंजिन शांत चालतं पण ओझं घेऊन चढावर गिअर लवकर पाडावा लागतो. पुढे १३ केलं तर साधारण आठ टक्के ओढ वाढते. पुढचा एक दात म्हणजे मागचे तीन दात असं धरून चला. शहाद्याहून तोरणमाळचा घाट चढणारा, चाळीसगावहून कन्नड घाट चढणारा ओढ मागतो हे समजतं, पण त्यासाठी पुढचं लहान करू नये असं माझं मत आहे, कारण लहान स्पॉकेटवर चेन जास्त वाकते आणि लवकर झिजते, त्यापेक्षा मागे दोन-तीन दात वाढवा. कव्हरमध्ये मोठं स्पॉकेट मावतंय का ते आधी बघा. मागे चार दात वाढले की साधारण दोन कड्या जास्त लागतात, कड्यांची संख्या नेहमी समच असते कारण आतली-बाहेरची कडी एकाआड एक येते. अर्धी कडी जोडून काम भागवतात तो सगळ्यात कमजोर सांधा. ज्या जुन्या गाड्यांत मीटरची केबल पुढच्या चाकातून येते त्यांत दात बदलल्याने मीटरचा आकडा चुकत नाही.

बुलेटचं प्रकरण वेगळं. जुन्या बुलेटमध्ये मागचं स्पॉकेट ब्रेक ड्रमसकट एकच ओतीव असतं, ३८ दातांचं, म्हणजे दात गेले की ड्रमच बदलायचा. आणि पुढचं स्पॉकेट क्लचच्या मागे लपलेलं असतं, म्हणून क्लचचं काम निघालं की त्याच वेळी दात बघून घ्यायचे, नाहीतर मजुरी दोनदा.

बसवताना हबचे रबर दाबून बघा, मऊ पडले असतील तर नवीन सेटलाही झटके बसतील. चाक सरळ लावायला स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) खुणांवर जुन्या गाडीत विसंबू नका, दोरी लावून बघा. चेन लॉकची, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीची, क्लिप बसवताना तिचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला, म्हणजे चेनच्या वरच्या भागात गाडीच्या पुढच्या बाजूला. उलटी बसवलेली क्लिप कव्हरला घासून निघू शकते. चेनची वर-खाली ढिलाई साधारण २० ते ३० मिलीमीटर, आणि तीही चाक फिरवून जिथे चेन सगळ्यात घट्ट येते तिथे मोजलेली. कव्हरला रबरी बुच असतं ते काढून बोट घालून बघता येतं. मग ९० नंबरचं गिअर ऑइल, गाडी चालवून चेन कोमट असताना, आतल्या बाजूने, आणि जास्तीचं पुसून टाकायचं. पहिल्या तीन-चारशे किलोमीटरला नवीन चेन बसते आणि ढिली पडते, तेव्हा परत एकदा पाना लावावा लागतो.