गाणाऱ्या नायिकेच्या कौतुकामागचा इतिहास

संगीत नाटकातल्या नायिकेबद्दल ‘गळा गोड, अभिनयही सुरेख’ असे लिहून आले की कौतुक पूर्ण झाले असे मानतात. प्रत्यक्षात तिचे खरे काम या दोहोंच्या सांध्यावर असते. गद्य कोणत्या सुरावर सोडायचे, पहिली ओळ कशी उचलायची आणि पद संपल्यावर टाळ्या चालू असताना भूमिकेत कसे परतायचे, यावर तिची पारख व्हायला हवी. आपल्याकडे ती तशी फारशी झाली नाही आणि त्याची कारणे 1930 ते 1970 या चार दशकांत सापडतात.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येतो. 1880च्या ‘शाकुंतल’पासून नायिका गात होत्या, पण रंगमंचावर नायिकेच्या वेषात उभे असत ते पुरुष. केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्याही होत्या आणि त्यांत पुरुषांच्या भूमिका स्त्रियाच करत, मात्र प्रतिष्ठित समीक्षेने त्यांची दखल घेतली नाही. ‘मानापमान’ (1911) आणि ‘स्वयंवर’ (1916) या नाटकांनी बालगंधर्वांची भामिनी आणि रुक्मिणी घराघरांत पोचवली. पुढे जी स्त्री या भूमिकांत उभी राहिली, तिला दाद मिळाली ती ‘गंधर्वांची आठवण झाली’ या शब्दांत. हा गौरव होता, आणि अन्यायही.

1 जुलै 1933 रोजी ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगमंचावर आले. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, रात्रभराचा प्रयोग आटोपशीर झाला आणि गाणी मोजकी, प्रसंगातून उगवणारी अशी ठेवली गेली. बांदिवड्याच्या ज्योत्स्ना भोळे यांचा आवाज इथे वेगळा ठरला. स्वर भरीव, शब्द स्वच्छ आणि ताना गरजेपुरत्या. 1942च्या ‘कुलवधू’त ‘बोला अमृत बोला’ म्हणणारी नायिका बैठक मांडत नाही, ती बोलता बोलता गाते. गायकी कमी पडली म्हणून असे झाले, हा त्या काळचा आक्षेप चुकीचा होता. चाली मास्टर कृष्णरावांच्या होत्या आणि त्या गायला चांगली तयारी लागते.

तिकडे बालगंधर्वांच्या गंधर्व कंपनीत 1938पासून गायिका-अभिनेत्री गोहरबाई कर्नाटकी आल्या, आणि जुन्या पदांचा वाद खऱ्या अर्थाने सुरू झाला. हा वाद पट्टीचा, म्हणजे गाणारा आपला ‘सा’ कोणत्या उंचीवर धरतो याचा आहे. त्यावर लिहिले फार कमी गेले, म्हणून इथे थोडे सविस्तर.

पुरुष गायकाचा षड्ज, म्हणजे सा, साधारणपणे काळी एकच्या (पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) आसपास असतो, स्त्रीचा त्याहून उंच, काळी चारच्या. पुरुषाने बसवलेले पद स्त्रीने घेतले की तीन वाटा उरतात. पहिली म्हणजे आपल्या पट्टीत गाणे. यात मध्य सप्तक झळकते, पण मुळात खर्जाकडे, म्हणजे खालच्या सुरांकडे, झुकणाऱ्या जागा हलक्या वाटतात आणि जाणकार म्हणतात, ‘वजन गेले’. दुसरी म्हणजे वजनासाठी पट्टी काळी दोनपर्यंत उतरवणे. मग मुखडा भारदस्त लागतो, पण अस्ताईतले, म्हणजे पदाच्या पहिल्या भागातले, शब्द सभागृहाच्या मध्यापलीकडे पोचत नाहीत, आणि ध्वनिक्षेपक नसलेल्या थिएटरात हे परवडत नसे. तिसरी वाट उलटी. टाळीसाठी पट्टी चढवली की अंतऱ्यात, म्हणजे पदाच्या वर चढणाऱ्या दुसऱ्या भागात, तार गंधाराला (वरच्या ग ला) आवाज पातळ होतो, आणि तिसऱ्या अंकापर्यंत घसा बसतो. सलग प्रयोगांच्या दौऱ्यात हे नुकसान भरून निघत नाही. पहिली वाटच शहाणपणाची होती, असे आमचे स्पष्ट मत आहे. वजन खर्जात नसून शब्दावरच्या ठेहरावात असते.

नायक-नायिका एकामागोमाग गातात तेव्हा आणखी एक पेच येतो. काळी चारचा मध्यम (म) म्हणजेच काळी एकचा षड्ज. त्यामुळे नायिकेचा मध्यम नायक आपला सा मानतो आणि ऑर्गनवाल्याला त्या एका स्वरावरून दोन्हीकडे जाता येते. तबलाही काळी एकला लावला तर दोघांना चालतो, पण सरसकट नाही. नायिका यमन किंवा भूप हे शुद्ध मध्यम नसलेले राग गाणार असेल, तर तबल्यातला तिचा शुद्ध मध्यम रागाशी भांडतो. म्हणून काळी चारचा दुसरा तबला शेजारी तयार ठेवतात. तो आणला नसेल तर प्रेक्षकांना चूक कळत नाही, नुसते ‘आज गाणे रंगले नाही’ एवढे जाणवते आणि दोष गाणारीला लागतो.

हीच गोष्ट पदात शिरण्याची. हातात तंबोरा नाही, कानाला हात लावता येत नाही, समोर ऑर्गन आणि तबला एवढेच. ऑर्गनवाला गद्याच्या शेवटच्या दोन-तीन शब्दांखाली षड्ज-पंचम धरतो. नायिकेने वाक्य उतरत्या स्वरात षड्जाजवळ सोडले तर पद आपोआप उमलते. संताप किंवा रडण्याचा प्रसंग असेल तर आवाज चढलेलाच असतो, तेव्हा पंचमावर थांबून एक श्वास घ्यावा लागतो. हा श्वास भूमिकेचा वाटला पाहिजे. तो गायिकेचा वाटला की नाटक तिथेच तुटते. वन्समोरनंतर तर हे दुप्पट अवघड, कारण समोरचा नट तोवर त्याच मुद्रेत ताटकळत असतो.

जयमाला शिलेदार या सांध्याच्या सर्वांत मोठ्या जाणकार. 1949मध्ये पुण्यात जयराम शिलेदारांबरोबर त्यांनी ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था उभी केली आणि व्यवसाय ओसरत असताना सुभद्रा, रुक्मिणी, भामिनी जिवंत ठेवल्या. गंधर्व गायकीचा वारसा त्यांनी उघडपणे सांगितला, तरी पद त्यांच्या तोंडी आले की ते बाईचे बोलणे वाटे. त्यांना पद्मश्री मिळाली 2013मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनाच्याच वर्षी. हा उशीर अक्षम्य आहे. कन्या कीर्ती शिलेदार यांनी हेच काम 2022पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत केले.

1964च्या ‘मत्स्यगंधा’ने आणि 1967च्या ‘कट्यार काळजात घुसली’ने वेगळी नायिका आणली. आशालता वाबगावकर आणि फैयाज यांना पूर्वीच्या पुरुष नटाची सावली नव्हती, कारण चाली त्यांच्यासाठी नव्याने बांधलेल्या होत्या. जितेंद्र अभिषेकींच्या चालींत विस्ताराची जागा आधीच ठरलेली असे, त्यामुळे पद लांबवायचे की नाही हा वाद मागे पडला.

अलीकडे कॉलर माइकने आवाज पोचवण्याचे ओझे काढून घेतले, पण नवे प्रश्न आणले. दागिना माइकला घासला की खरखर येते, आणि मान वळवली की तानेचा शेवट गळतो. पेडलचा ऑर्गन दुर्मीळ झाल्याने काही ठिकाणी पेटी किंवा कीबोर्ड वापरतात. कीबोर्डवर ‘ट्रान्स्पोज’चे बटण दाबून पट्टी बदलता येते, म्हणून तालमीत पट्टी पक्की करण्याचा कंटाळा केला जातो. प्रयोगात मागच्या पदाची पट्टी तशीच राहून गेली की नायिका पहिल्या ओळीतच दुसऱ्या सुरात सापडते. स्पर्धांत गायनाचे पारितोषिक वेगळे आणि अभिनयाचे वेगळे दिले जाते. त्यामुळे गद्याचे शेवटचे वाक्य आणि पदाची पहिली ओळ यांमधली ती दोन सेकंदे कोणाच्याच गुणांत मोजली जात नाहीत.