भांबवलीचा धबधबा : येण्याआधी एवढं वाचा

"वाट सोपी आहे ना?" बुकिंगच्या फोनवर पहिला प्रश्न हाच असतो. हो, सोपी आहे. भांबवली गावातून निघालं की आमच्या चालीनं पाऊण ते एक तासात धबधबा समोर दिसतो. दोर नाही, कडा चढणं नाही. आठ-दहा वर्षांची पोरं येतात, साठी ओलांडलेली माणसंही येतात. जपायचं असतं ते पाण्याला, म्हणून या पत्रकात वाटेपेक्षा पाण्याबद्दल जास्त लिहिलंय.

गाडी सकाळी साडेसहाला साताऱ्याच्या राजवाड्यापासून निघते, यवतेश्वरचा घाट चढते आणि कास पठार, कास तलाव मागे टाकून भांबवलीला पोचते. ज्या धबधब्याला वजराई म्हणतात तो हाच. उंची १८४० फूट, म्हणजे सुमारे ५६० मीटर सांगतात, पण ती तिन्ही टप्पे मिळून. देशात सगळ्यात उंच कोणता, हा वाद आम्ही गाडीत रंगू देतो, सोडवत नाही. टप्पे का पडले, हे मात्र जरूर सांगतो. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून तयार झाला. कठीण थराचा कडा उभा राहतो, मऊ थर झिजून आत जातो आणि पाणी पायरीपायरीनं उतरतं. उरमोडी नदी उगम पावते ती इथेच. हेच पाणी पुढे सज्जनगडाच्या पायथ्याजवळच्या धरणात साठतं आणि शेवटी कृष्णेला मिळतं.

आता मुद्द्याचं. या भागातल्या डोंगरमाथ्यावर जांभ्या दगडाचे सडे, म्हणजे सपाट उघडे कातळ आहेत. भर पावसात त्यांच्यावर पाणी फारसं मुरत नाही, थेट ओढ्याला लागतं. त्यामुळे तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर कोसळलेली सर थोड्याच वेळात खाली येते. नितळ पाणी गढूळ झालं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत आल्या, खळखळ जाऊन घुमल्यासारखा आवाज यायला लागला, की आमचा माणूस "मागं फिरा" म्हणतो. तेव्हा "एक फोटो फक्त" चालत नाही. नडगीच्या वर पाणी असेल तर आम्ही ओहोळ ओलांडत नाही. धबधब्याखाली भिजायला नेत नाही. वरून पाण्याबरोबर दगडही येतात.

यावरून रुसवेफुगवे होतात, ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगतो : वाटेतून परत फिरलो तर पैसे परत मिळणार नाहीत. निघण्याआधी आम्ही सहल रद्द केली किंवा प्रशासनाचा मनाई आदेश आला, तर पूर्ण मिळतील. जागेवरची प्रवेशपावती आणि कासच्या फुलांचं बुकिंग यांचे पैसे वेगळे.

बुटांचा तळ खडबडीत हवा. शेवाळलेल्या काळ्या दगडावर महागडे पण गुळगुळीत झालेले बूट काही कामाचे नाहीत. छत्रीही नको, वाऱ्यात उलटते आणि हात अडकतो, रेनकोट घ्या. जळवा असतात, त्यांना घाबरू नका. लागलीच तर ओढून काढू नका, नखानं हळूच सरकवा. नंतर थोडा वेळ रक्त वाहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा घटक असतो. जखम धुऊन दाबून धरा. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर बुकिंग करतानाच सांगा.

वाटेवर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा घरी सकाळीच कळवून ठेवा. वेफर्सची रिकामी पाकिटं तुमच्याच पिशवीतून साताऱ्याला परत येतील. दारू घेतलेल्याला गाडीत बसवत नाही, मग तो कितीही जवळचा असो.

परत आल्यावर गावात पिठलं-भाकरी आणि ठेचा मिळेल. भाकऱ्या किती टाकायच्या हे तिथल्या रांधणाऱ्या घरच्यांना आदल्या दिवशी कळवावं लागतं, म्हणून आकडा वेळेत सांगा. श्रावणी सोमवारचा उपवास असेल तर तेही.